जुनं युद्धविमान उडताना बघायचंय? विदर्भातल्या नवख्यांसाठी वाटाड्या

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं विमान संग्रहालयात उभं असलेलं बघणं वेगळं आणि तेच विमान इंजिन घुमवत डोक्यावरून जाताना बघणं वेगळं. पहिल्यात माहिती मिळते. दुसऱ्यात छातीचा पिंजरा हलतो. ज्याने हे एकदा अनुभवलं, तो पुढे दरवर्षी कॅलेंडर घेऊन तारखा शोधत बसतो. वर्धा, यवतमाळ, गोंदिया, चंद्रपूरकडे ही आवड असलेली पोरंपोरी भेटतात, पण सुरुवात कुठून करायची हे सांगणारं सहसा कुणी नसतं. त्यांच्यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधी समजून घ्या. ही विमानं आपल्या भागात रोज उडत नाहीत. भारतात उडत्या अवस्थेतली म्हणून जी प्रसिद्ध आहेत, ती भारतीय वायुसेनेच्या व्हिंटेज फ्लाइटकडे (जुनी विमानं जपणारं पथक), दिल्लीजवळच्या हिंडन तळावर असतात. म्हणून तयारी गावात करायची आणि दर्शनाला बाहेर जायचं. तयारी गावात उत्तम होते, कारण या छंदात डोळ्यांइतकेच कान लागतात आणि आपल्याकडे मोकळं आभाळ आणि शांतता दोन्ही आहे.

१. तीन विमानांची ओळख करून घ्या

पन्नास विमानांची नावं पाठ करू नका. आधी तीनच.

पहिलं डाकोटा. दोन इंजिनांचं, मालवाहू, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण २९ मीटर. याचं मूळ रूप, डीसी-३, १७ डिसेंबर १९३५ ला पहिल्यांदा उडालं. महायुद्धात याची लष्करी आवृत्ती हजारोंनी बनली. माणसं, दारूगोळा, औषधं, धान्य सगळं यातून गेलं. १९४४ मध्ये इम्फाळला वेढा पडला तेव्हा तिथल्या सैन्याला रसद हवेतून मिळाली, आणि त्या कामात डाकोटांचा वाटा मोठा होता. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान श्रीनगरला उतरले तेही डाकोटातून. त्या पहिल्या विमानाचा क्रमांक व्हीपी ९०५ होता. पुढच्या वर्षी, मे १९४८ मध्ये, एअर कमोडोर मेहर सिंग यांनी लेहच्या कच्च्या धावपट्टीवर डाकोटा उतरवलं. उंची अकरा हजार फुटांच्या आसपास, हवा विरळ, आणि आधी तिथे कुणीही विमान उतरवलेलं नव्हतं.

आज वायुसेनेकडे जे डाकोटा उडतं त्याचं नाव ‘परशुराम’. श्रीनगरच्या त्या पहिल्या विमानाच्या सन्मानार्थ यालाही व्हीपी ९०५ हाच क्रमांक दिला आहे. तेव्हा खासदार असलेल्या राजीव चंद्रशेखर यांनी ते वायुसेनेला भेट दिलं. त्यांचे वडील स्वतः वायुसेनेत डाकोटाचे वैमानिक होते. भंगारात निघालेलं हे विमान इंग्लंडमध्ये दुरुस्त झालं आणि एप्रिल २०१८ मध्ये टप्प्याटप्प्याने उडत जामनगरला आलं. कंटेनरमध्ये घालून आणलं नाही, उडवत आणलं. मला या सगळ्या कथेत हाच भाग सर्वात मोठा वाटतो.

दुसरं हार्वर्ड. एका इंजिनाचं, मागे-पुढे दोन माणसं बसतील असं प्रशिक्षण विमान. तिसरं टायगर मॉथ. वर-खाली दोन पंखांच्या जोड्या, मध्ये तारा ताणलेल्या, पंखांवर कापड, वैमानिकाचं डोकं उघड्यावर. महायुद्धातल्या वैमानिकांच्या एका अख्ख्या पिढीने टायगर मॉथवर उडणं शिकलं आणि हार्वर्डवर ते पक्कं केलं. ती पोरं तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होती. टायगर मॉथ बघताना हे वय लक्षात ठेवा.

स्पिटफायर, हरिकेन, लिबरेटर ही नावं तुम्ही ऐकलेली असतील. ती बघायला दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात जायचं, पण तिथे ती जमिनीवर उभी आहेत.

२. कान तयार करा

ही पायरी वगळू नका. प्रवासी जेटचा आवाज म्हणजे एकसंध घरघर. त्यात सुटे ठोके ऐकू येत नाहीत. जुन्या विमानाचं इंजिन पिस्टनचं असतं. प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधन पेटतं, आणि ते पेटणं ठोक्याठोक्याने कानावर येतं. डाकोटाच्या एका इंजिनात चौदा सिलिंडर असतात, सात-सातच्या दोन कड्यांमध्ये गोल मांडलेले. ताकद १,२०० हॉर्सपॉवरची, म्हणजे आपल्या वावरात चालणारे ५० हॉर्सपॉवरचे चोवीस ट्रॅक्टर एका इंजिनात, आणि विमानाला अशी दोन इंजिनं.

सराव असा करा. नागपूर देशाच्या मधोमध असल्याने आपल्या डोक्यावरून चारही दिशांची विमानं जातात. पहाटे किंवा रात्री जागलीला वावरात असाल तेव्हा डोळे मिटून ऐका आणि विमान कुठून कुठे जातंय ते बोटाने दाखवा. मग डोळे उघडून बघा. जेट विमान आवाजाच्या बरंच पुढे निघून गेलेलं दिसेल, कारण आवाजाला एक किलोमीटर यायला जवळपास तीन सेकंद लागतात आणि ते विमान दहा किलोमीटर उंचीवर असतं. हा फरक अंगवळणी पडला की पुढे मैदानावर मान योग्य दिशेला आपोआप वळते.

मग पंख्याची विमानं ऐका. गोंदिया जिल्ह्यात बिरसीला वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे. कामठा परिसरातल्या गावांना लहान विमानांचा आवाज ओळखीचा असतो. नागपूर फ्लाइंग क्लबची सेसना विमानंही लहान पिस्टन इंजिनाचीच. तिकडे कामानिमित्त गेलात तर सार्वजनिक रस्त्यावर दहा मिनिटं उभे राहा. वैमानिक इंजिनाची ताकद कमी करतो तेव्हा आवाज कसा बसतो, उड्डाणाच्या वेळी कसा चढतो, एवढं कानात बसवा. पुढे हार्वर्ड ऐकाल तेव्हा तो याच कुळातला, पण कितीतरी दांडगा आवाज आहे हे लगेच कळेल.

हार्वर्डचा आवाज मात्र निव्वळ इंजिनाचा नसतो. त्याच्या पंख्याच्या पात्यांची टोकं पूर्ण ताकदीत आवाजाच्या वेगाच्या जवळ पोचतात आणि हवा चरचर फाटल्यासारखी वाजते. उड्डाणाच्या क्षणी हा आवाज ऐकला की माणूस बोलता बोलता थांबतो.

डाकोटाचं वेगळं आहे. दोन्ही इंजिनांचे फेरे किंचित जरी मागेपुढे असले तर आवाज एकसारखा न राहता वर-खाली लहरत येतो. घुं… घुं… घुं. वैमानिकाने दोन्ही जुळवली की ती लहर विरते.

३. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा

हा आवाज विदर्भाला परका नाही. गावातल्या आजोबांजवळ जाऊन बसा आणि विचारा, “आबाजी, तुमच्या लहानपणी रात्री विमानं यायची का?”

जानेवारी १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि तिचं केंद्र नागपूर होतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही ठिकाणांहून रात्री विमानं निघत, मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत आपापल्या शहरी परतत. सुरुवातीला या कामावर होती ती डाकोटाच. युद्ध संपल्यावर स्वस्तात मिळालेली. पुढे मोठी विमानं आली आणि १९७३ मध्ये ही सेवा बंद झाली. म्हणजे आज सत्तरी ओलांडलेल्या, नागपूरच्या आसपास वाढलेल्या माणसाच्या कानात तो आवाज असू शकतो. विचारा आणि जे सांगतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. हे काम उद्यावर ढकलू नका.

धावपट्ट्यांचंही तसंच. सोनेगाव पहिल्या महायुद्धाच्या काळातलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानं तिथे थांबून पुढे जात. बिरसीची धावपट्टी १९४० ची, अकोल्याजवळ शिवणीची १९४३ ची. आपण ज्यांच्या बाजूने एसटीने जातो ती ही ठिकाणं युद्धाच्या वर्षांत जन्मली.

४. पहिलं दर्शन टीव्हीवर घ्या

२६ जानेवारीला दूरदर्शनवर कर्तव्य पथावरचं संचलन शेवटपर्यंत बघा. विमानं अखेरीस येतात. अलीकडच्या काही वर्षांत त्यात डाकोटा असलेली रचना होती. २०२१ मध्ये ‘रुद्र’ नावाच्या रचनेत डाकोटाच्या दोन बाजूंना दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरं होती, २०२२ मध्ये ‘टांगाइल’ रचनेत दोन डॉर्नियर विमानं. टांगाइल हे बांगलादेशातलं ठिकाण. ११ डिसेंबर १९७१ ला तिथे आपले छत्रीधारी सैनिक उतरवले गेले, आणि त्या मोहिमेत डाकोटाही होती. निवेदकाच्या तोंडून नाव ऐकू आलं की टीव्हीचा आवाज वाढवा. दिसेल जेमतेम काही सेकंद, पण आकार डोळ्यांत बसेल: बोथट नाक, पुढच्या कडेने मागे झुकत जाणारे पंख, गोल खिडक्यांसारखं काही नाही, चौकोनी खिडक्यांची रांग.

५. तारीख, तिकीट, गाडी

दोन संधी धरून चला.

एक, ८ ऑक्टोबरचा वायुसेना दिन. पूर्वी हा सोहळा हिंडनलाच व्हायचा. २०२२ मध्ये तो चंदीगडला गेला, २०२३ मध्ये प्रयागराजला, २०२४ मध्ये चेन्नईला, २०२५ मध्ये संचलन परत हिंडनला झालं. त्यामुळे ठिकाण जाहीर झाल्याशिवाय गाडीचं तिकीट काढू नका. शिवाय संचलन आणि उड्डाणं एकाच दिवशी असतील असंही नाही: चेन्नईला मरिना किनाऱ्यावरची उड्डाणं ६ ऑक्टोबरला होती आणि संचलन ८ ला तांबरमला. बातमी नीट वाचा. मुख्य दिवसाच्या आधी रंगीत तालीम होते, तिला गर्दी कमी असते आणि विमानं बहुतेक तीच. जमलं तर तालीमच गाठा.

शेतकऱ्याची अडचण इथेच येते. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा म्हणजे सोयाबीनची काढणी. हडंबा मिळाला तर मजूर नाही, मजूर मिळाले तर पाऊस. घरी शेती असेल तर हे आधीच बोलून घ्या. एका भावाने या वर्षी जायचं, दुसऱ्याने पुढच्या वर्षी, असं ठरवलं तरी चालतं.

त्यामुळेच दुसरी संधी, २६ जानेवारी, आपल्याला सोयीची. तूर आणि कापूस असतो, पण तीन-चार दिवस निघतात. संचलनाची तिकिटं संरक्षण मंत्रालयाच्या ‘आमंत्रण’ या संकेतस्थळावर मिळतात. अलीकडच्या वर्षांत दर २० आणि १०० रुपये होता. ओळखपत्र मूळ प्रत बरोबर लागते. धोका एकच, धुकं. दिल्लीचं आकाश दिसेनासं झालं तर उड्डाणांवर परिणाम होतो, आणि ते मनाची तयारी करूनच जायचं. दिल्लीला जाताच आहात तर पालमचं संग्रहालय त्याच फेरीत करा. सोमवारी आणि मंगळवारी ते बंद असतं, त्याप्रमाणे दिवस मांडा.

गाडीचं सोपं आहे. दिल्ली-चेन्नई मुख्य मार्ग बल्लारशाह, सेवाग्राम, नागपूरवरूनच जातो, म्हणजे उत्तर असो की दक्षिण, आपण मधोमध. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. ठिकाण जाहीर झालं त्या दिवशीच काढा.

६. मैदानावर पोचल्यावर

उन्हाला हलकं घेऊ नका. आपण चंद्रपूर-अकोल्याचा मे महिना काढणारी माणसं, आपल्याला ऊन काय करणार, असं वाटतं. चेन्नईच्या त्या कार्यक्रमाला लाखो लोक जमले आणि उन्हाने, गर्दीने त्रास होऊन ५ जणांचा जीव गेला. आपलं ऊन कोरडं असतं; समुद्रकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर तापत राहतं. डोक्याला दुपट्टा, प्रत्येकी दोन-तीन लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएसची पुडी आणि पोटात काहीतरी, एवढं हवंच. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर गर्दीच्या मध्यभागी जाऊ नका, कडेला राहा, आणि परतीचा रस्ता आधी बघून ठेवा.

जागा धरताना सूर्य पाठीशी येईल अशी धरा. समोर सूर्य असला तर विमान नुसतं काळं दिसतं. लाउडस्पीकरपासून लांब बसा. तुम्ही इंजिन ऐकायला आलात.

७. विमान येतं तेव्हा

जुनी विमानं कार्यक्रमात बऱ्याचदा सुरुवातीलाच येतात आणि नवखी माणसं तेव्हा पाण्याची बाटली शोधत असतात. निवेदन सुरू झालं की हातातलं सगळं खाली ठेवा.

कधी विमान जमिनीवरून सुरू होताना बघायला मिळालं, तर ते उड्डाणाइतकंच मोलाचं माना. गोल मांडणीच्या इंजिनात रात्रभरात खालच्या सिलिंडरांमध्ये तेल उतरतं. म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने किंवा स्टार्टरने काही वेळा फिरवून घेतात. तेल अडकलेलं असताना जोरात फिरवलं तर इंजिन मोडतं. मग पंखा सावकाश फिरायला लागतो, एखादा सिलिंडर पेटतो, खोकतो, निळसर पांढऱ्या धुराचा लोट मागे जातो, अजून दोन-चार पेटतात, आणि मग अचानक सगळे एकत्र धरतात. तो धूर बिघाडाचा नव्हे, तेल जळाल्याचा असतो. शेजारचं पोर घाबरलं तर त्याला हे सांगा.

डाकोटा आणि हार्वर्ड शेपटीच्या चाकावर बसतात, नाक वर असतं, त्यामुळे हार्वर्डच्या वैमानिकाला जमिनीवर समोरचं दिसत नाही. तो विमान डावी-उजवीकडे नागमोडी नेतो आणि बाजूने बघत जातो. धावपट्टीवर वेग आला की आधी शेपूट उचलते, विमान आडवं होतं, थोडं धावतं, मग चाकं सुटतात.

हवेत आल्यावर वेग बघा. डाकोटा ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास जातं. टायगर मॉथ त्याच्या निम्म्याने. राफेल दिसेपर्यंत निघून जातं, इथे मात्र तुम्हाला वेळ मिळतो. आवाज आधी येतो, लांबून, आणि विमान नंतर दिसतं. कान तयार असतील तर तुम्ही गर्दीच्या आधी बोट दाखवाल. जवळ येताना पंखांकडे बघा, मग क्रमांकाकडे, मग शेपटीकडे. वर गेल्यावर बघणं सोडून द्या आणि नुसतं ऐका. पोटात जाणवणारी ती गुरगुर कुठल्याही फोनमध्ये उतरत नाही. १९४४ साली इम्फाळच्या डोंगरात अडकलेल्या सैनिकाने मदत येतेय हे अशाच आवाजावरून ओळखलं असेल, आणि ऐंशी वर्षांनी आपण तोच आवाज ऐकतोय, कारण कुणीतरी प्रत्येक नळी, प्रत्येक खिळा तपासून ते इंजिन जिवंत ठेवलंय. टाळ्या वाजवायच्या तर त्या मेकॅनिकांसाठीही वाजवा.

८. फोटोबद्दल थोडं

पहिल्या वेळी फोटोच्या मागे लागू नका. काढायचाच असेल तर कॅमेऱ्याचा शटर १/१२५ ते १/२५० सेकंदाच्या दरम्यान ठेवा आणि विमानाबरोबर कॅमेरा फिरवत काढा. शटर फार वेगाचा ठेवला तर पंखा थिजलेला दिसतो आणि विमान दोरीला टांगल्यासारखं वाटतं. मोबाइलमध्ये पंख्याची पाती वाकडी दिसतात. तो मोबाइलचा गुण आहे, विमानाचा दोष नाही. मोबाइल छातीशी धरा, आवाज रेकॉर्ड करा आणि डोळे मोकळे ठेवा.

९. हे करू नका

लष्करी तळाच्या कुंपणाजवळ दुर्बीण किंवा कॅमेरा घेऊन उभं राहू नका. नागपूरच्या वायुसेनानगरापाशीही नाही, आणि कुणी हटकलं तर वाद न घालता निघा. ड्रोन घरीच ठेवा. पतंग, फुगे, आतषबाजी विमानतळाच्या आसपास नको. आणि डबा खाऊन उरलेलं तिथे टाकू नका. त्यावर घारी-कावळे येतात, आणि पक्षी इंजिनाला धडकला तर जुन्या विमानाचं कधीही भरून न येणारं नुकसान होतं.

१०. पुढे जायचं असेल तर

नागपूरला वायुसेनेचे कार्यक्रम अधूनमधून होतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये वायुसेनानगरात सूर्यकिरण आणि सारंग या हवाई कसरतींच्या पथकांची उड्डाणं झाली होती. त्यात महायुद्धातली विमानं नसली तरी मान कशी वळवायची, कुठे बसायचं, याचा सराव घराजवळ होतो. अशी संधी सोडू नका.

आणि कुणाचा पुतण्या किंवा भाची इंग्लंडात नोकरीला असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा. लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबी तळावर रॉयल एअर फोर्सचं स्मृतिपथक आहे: स्पिटफायर, हरिकेन, डाकोटा, आणि चार इंजिनांचं लँकेस्टर. जगात उडणारी लँकेस्टर दोनच, दुसरं कॅनडात. केंब्रिजजवळ डक्सफर्डला आणि बेडफर्डशरमध्ये ओल्ड वॉर्डनला उन्हाळ्यात जुन्या विमानांची उड्डाणं होतात. कार्यक्रमांच्या तारखा महिनोन् महिने आधी जाहीर होतात, तेव्हा व्हिसाचे कागद हिवाळ्यातच काढायला घ्या.